तोंडचं पाणी

सई सात महिन्यांची झाली तरी तिच्या आईनं तिचा एकही पापा घेतला नव्हता. निदान तिची आजी हेमांगी इंगवले तरी असंच धरून चालली होती. त्या मंगळवारी सकाळी ती नाचणीची पेज घेऊन आत आली, तर गार्गी पाळण्यावर वाकलेली. मास्क हनुवटीखाली ओढलेला आणि झोपलेल्या पोरीच्या पावलाला ओठ टेकलेले.

हेमांगीनं वाटी खाली ठेवली, सईला उचललं, मोरीत नेलं आणि दोन्ही पावलं साबण लावून धुतली. सई जागी झाली आणि भोकाड पसरून रडायला लागली.

"पाय होता आई. नुसता पाय," गार्गी दाराशी येऊन म्हणाली.

"पाय ती दिवसातून पन्नास वेळा तोंडात घालते."

"मला माहीत आहे."

"माहीत असून केलंस."

गार्गीनं मास्क वर ओढला. बाटलीतलं पाणी प्यायचं म्हणून तो पुन्हा खाली करावा लागला, तर ती पाठमोरी झाली. दर पाच मिनिटांनी तिला घोटभर पाणी लागायचं. त्याशिवाय जीभ टाळूला चिकटायची आणि शब्द तुटत यायचे.

"निनादना फोन कर," हेमांगी सईला टॉवेलात गुंडाळत म्हणाली. "तू साताऱ्याला तुमच्या घरी जा. ही माझ्याकडे राहील."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

गार्गी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिचे दात मोत्यांसारखे होते. तिच्या वयाच्या, कराड तालुक्यात शिकलेल्या बहुतेक सगळ्यांचेच तसे होते, आणि ते तसे असण्यात हेमांगीचा हात होता.

वीस वर्षांपूर्वी हेमांगी शाळांमधून फिरणारी दंत आरोग्य सेविका होती. मोटारसायकलवर पेटी बांधून ती गावोगाव जायची. उसाच्या पट्ट्यातली मुलं, सातव्या-आठव्या वर्षी दाढा काळ्या पडलेल्या, रात्रभर गाल धरून रडणारी. तिनं एकदा पहिलीच्या वर्गात मोजलं, तर एकतीस मुलांत न किडलेल्या तोंडाची फक्त दोन निघाली. मग एका संशोधन संस्थेनं ते थेंब आणले. लोक त्यांना 'दाताचे थेंब' म्हणत.

त्यामागचं शास्त्र हेमांगीनं शिक्षकांना इतक्यांदा समजावून सांगितलं होतं की ते तिला पाठ झालं होतं. लाळ म्हणजे थुंकी नव्हे. ती रक्तातून येते. कानापुढच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथी रक्तातलं पाणी आणि क्षार ओढून घेतात. वाटेत त्यातलं मीठ बरंचसं परत शोषलं जातं आणि त्याऐवजी बायकार्बोनेट मिसळतं, खायच्या सोड्यात असतं तेच. त्यामुळे तोंडातलं आम्ल शमतं. शिवाय लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेटचे आयन इतके ठासून भरलेले असतात की खरं म्हणजे ते तोंडात पोचायच्या आतच खडा होऊन बसायला हवेत. बोअरच्या पाण्यानं गिझरमध्ये थर बसतो, तसे. ते बसत नाहीत, कारण स्टॅथेरिन नावाचं एक लहानसं प्रथिन त्यांना धरून ठेवतं. गोड खाल्लं की दातांवरचे जंतू आम्ल करतात. सामू साडेपाचाच्या खाली गेला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम सुटून लाळेत येतं. आम्ल उतरलं की लाळ ते दाताला परत देते. असं दिवसभर चाललेलं असतं. जातं जास्त आणि परत येतं कमी, असं झालं की दात किडतो.

थेंबांमध्ये तोंडातलाच एक साधा जंतू होता, प्रयोगशाळेत थोडा बदललेला. दातावर बसून तो दोन कामं करायचा. लाळेतल्या युरियापासून चिमूटभर अमोनिया तयार करून आम्ल मारायचा, आणि दाताच्या अगदी लगत आलेलं स्टॅथेरिन कापायचा. बांधलेलं कॅल्शियम सुटलं की ते तिथंच दातावर बसायचं. आठवड्यातून एकदा एक गोळी चघळायची. त्या गोळीतल्या एका पदार्थावाचून जंतू जगत नसे. गोळी बंद केली की तो मरणार. म्हणून तो सुरक्षित.

पहिली दहा वर्षं सगळं सांगितल्याप्रमाणे झालं. दाढा काळ्या पडायच्या थांबल्या. हेमांगीचा जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार झाला. पहिल्या तुकडीत तिनं स्वतःच्या सात वर्षांच्या मुलीला थेंब दिले होते, हे भाषणात आवर्जून सांगितलं गेलं.

मग केव्हातरी, कुणाच्या तरी तोंडात, त्या जंतूनं गोळीतला पदार्थ स्वतःच तयार करायला सुरुवात केली. गोळ्या बंद केल्या तरी तो जाईना. त्याहून वाईट म्हणजे तो दात सोडून लाळेच्या नळ्यांमधून वर चढला. नळीत दात नसतो, पण स्टॅथेरिन असतं. तो ते तिथं कापत राहिला आणि सुटलेलं कॅल्शियम नळीतच बसू लागलं, आधी रेतीसारखं, मग खड्यासारखं. मागं तुंबलेली ग्रंथी सुजायची, उतरायची, पुन्हा सुजायची आणि काही वर्षांनी मरायची. लाळ आटायची. लाळच नाही म्हटल्यावर दाताला परत द्यायला काही उरायचं नाही, आणि तेच मोत्यांसारखे दात तिशीनंतर मुळापासून भुगा होऊन पडायचे. औषधांनी जंतू महिनाभर दबायचा आणि परत यायचा. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जायला त्याला चमचा पुरत होता.

लहान बाळांच्या बाबतीत तर वेळच मिळत नसे. त्यांच्या नळ्या केसाएवढ्या. तीन वर्षांच्या आत लागण झालेल्या मुलांच्या ग्रंथी शाळेत जायच्या आधीच बंद पडल्याची उदाहरणं होती. एकच गोष्ट हातात होती. बाळाला चार वर्षांपर्यंत जपलं, तर तोंडात त्याचे स्वतःचे जंतू घट्ट बसतात आणि या नव्याला जागा मिळत नाही. म्हणून नियम आला. ज्या आईबापांच्या तोंडात तो आहे, त्यांनी मास्क लावायचा, पापा घ्यायचा नाही, एका ताटात जेवायचं नाही, बाळाच्या घासावर फुंकर घालायची नाही. चाळिशीपुढे जंतू टिकत नाही असं परिपत्रक होतं, त्यामुळे घरोघरी बाळं आजी-आजोबांकडे गेली.

पावलाचा पापा घेतला त्याच आठवड्यात गार्गी साताऱ्याला गेली. सुरुवातीला ती पंपानं दूध काढून निनादबरोबर पाठवायची. तिचा नवरा मोठा शांत माणूस होता. लग्नानंतर वर्षभरात बायकोकडून लागण झाली, तरी त्यानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. महिन्याभरानं दूधही कमी होत होत थांबलं.

दर रविवारी गार्गी यायची. मास्क लावून, हात धुऊन, सईला मांडीवर घेऊन बसायची. सई तो मास्क ओढायला बघायची आणि गार्गी मान मागं घ्यायची. दोघींचा तोच खेळ होऊन बसला होता. दहाव्या महिन्यात सई रांगत स्वयंपाकघरात गेली, हेमांगीच्या पातळाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई."

गार्गी बाहेरच्या खोलीत होती. तिनं ऐकलं.

"मी आजी म्हणायला शिकवते गं," हेमांगी घाईघाईनं म्हणाली. "ती सगळ्यांनाच आई म्हणते. मांजरालाही म्हणाली परवा."

"असू दे," गार्गी म्हणाली आणि बाटली शोधायला लागली.

हेमांगी फार काटेकोर होती. सईचा चमचा, सईची वाटी, सईचा टॉवेल वेगळा. गार्गी येऊन गेली की ती सोफा पुसून काढायची. दर महिन्याच्या एक तारखेला सईच्या जिभेवर तपासणीची पट्टी ठेवायची. पट्टी पिवळी राहायची आणि ती तिचा फोटो गार्गीला पाठवायची. गार्गीकडून उत्तरादाखल नुसता हात जोडल्याचं चित्र यायचं.

सई चौदा महिन्यांची झाली त्या एक तारखेला पट्टी जांभळी झाली.

हेमांगीनं दुसरी पट्टी फोडली. तीही जांभळी. तिसरी तिनं फोडली नाही. सई मांडीवर बसून जुन्या पट्टीचं पाकीट चावत होती. खाली दोन आणि वर चार असे तिचे सहा दात होते, पांढरेस्वच्छ.

तिनं गार्गीला फोन केला. गार्गी म्हणाली, "ते पाऊल."

"त्याला सात महिने झाले, गार्गी. मध्ये इतक्या पट्ट्या पिवळ्या आल्या."

"तो दबून बसतो. तूच सांगितलं होतंस. थोडा असला तर पट्टीला कळत नाही." तिचा आवाज चिरकत होता, कोरड्या घशानं की रडण्यानं ते कळत नव्हतं. "आणि एकदाच नव्हतं ते. त्याच्या आधीही दोनदा."

हेमांगीला त्या वेळी तिचा राग आला होता. हे तिला पुढे कायम आठवत राहिलं.

लाळ तपासणी केंद्रात डॉ. शबनम जमादार होत्या. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी सईच्या तोंडातला नमुना घेतला, गार्गीचा जुना नमुना काढला आणि आठ दिवसांनी हेमांगीला बोलावून घेतलं.

"इंगवलेताई, बसा," त्या म्हणाल्या. "हा जंतू वीस वर्षं लोकांच्या तोंडात आहे. प्रत्येक तोंडात तो थोडा थोडा बदलत जातो. त्यामुळे कुणाचा कुणाकडून आला ते आता सांगता येतं. गार्गीचा आणि सईचा जुळत नाही."

"म्हणजे निनादकडून?"

"निनादचा गार्गीसारखाच आहे. सईचा वेगळा आहे. फार जुना आहे, पहिल्या बाटल्यांमधला वाटावा असा. पण गोळीवाचून जगणारा." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "घरात आणखी कोण असतं?"

"मीच. पण माझं वय अठ्ठावन्न आहे. चाळिशीनंतर..."

"ते परिपत्रक चुकलंय, ताई. वर्षभर आम्ही वर कळवतोय. ज्यांना कवळी आहे, त्यांच्या तोंडात तो कवळीला धरून राहतो. तुम्हाला आहे का?"

हेमांगीनं खालच्या तीन दातांची कवळी काढून हातात धरली. थेंबांच्या काळातच बसवली होती. डॉक्टरांनी चिमट्यात कापूस धरून ती पुसली, मग हेमांगीच्या जिभेखालून पट्टी फिरवली. दोघी ती पट्टी जांभळी होताना बघत बसल्या. फार वेळ लागला नाही.

"पण मी कधी थेंब घेतलेच नाहीत," असं हेमांगी म्हणणार होती. तोंड उघडलं आणि ती थांबली. तिनं घेतले होते. प्रत्येक शाळेत घेतले होते. आया घाबरायच्या, पोरांना पाठीमागं लपवायच्या. मग ती बाटली उघडून पहिला थेंब स्वतःच्या जिभेवर टाकायची, वर गोळी चघळायची आणि म्हणायची, "हे बघा, मीच घेतला. काही होतं का मला?" एकशे तीस शाळा. तिला काही झालं नव्हतं.

"मला कधी सूज आली नाही, कोरड पडली नाही," ती म्हणाली.

"येणारही नाही. तुमच्या नळ्या पूर्ण वाढलेल्या, रुंद. तुम्हाला त्याचा काही त्रास नाही. तुम्ही नुसत्या बाळगून आहात."

हेमांगी घरी आली. सईला शेजारच्या बाईंकडे ठेवलं होतं, तिला घेऊन आली, तिच्यासाठी खिमट शिजवलं. चमच्यात घेतलं आणि सवयीनं वरच्या ओठाला लावून बघितलं, गरम आहे का ते. तेव्हा तिच्या लक्षात आलं. चमचा तिच्या हातातच राहिला. रोज तीन वेळा, सात महिने. सई तोंड उघडून वाट बघत होती.

तिनं चमचा बदलला आणि भरवलं. आता चमचा बदलून उपयोग नव्हता, तरी बदलला.

त्या दिवशी तिनं गार्गीला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गार्गीनंच विचारलं, "अहवाल आला का?" तर ती म्हणाली, "अजून नाही." एकदा खोटं बोलल्यावर दुसऱ्यांदा सोपं गेलं. रविवारी गार्गी आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी निनादचा फोन आला.

"आई, जरा बोलायचं होतं. ती मास्क काढतच नाही."

"घरात?"

"घरात. माझ्यासमोर. जेवतेसुद्धा पाठ करून. काल म्हणाली, माझ्या तोंडाकडे बघू नकोस. अंगणवाडीसमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला जाते. मला वाटलं तुम्ही काही बोललात तर ऐकेल. तिला सांगा ना, तिचा दोष नाही म्हणून."

"सांगते," हेमांगी म्हणाली. फोन ठेवून तिनं कपाट उघडलं आणि सईचे कपडे काढून बॅगेत भरायला सुरुवात केली. फ्रॉक, झबली, दुपटी, वाटी, चमचा. खरं कळल्यावर गार्गी सईला ठेवून घेणार, हे तिला कळलेलं होतं. भरता भरता ती मध्येच बसली आणि पुन्हा उठून भरायला लागली.

सकाळच्या एसटीनं ती साताऱ्याला पोचली. गार्गीनं दार उघडलं. मास्क होताच. सई एका काखेत, बॅग दुसऱ्या हातात, अशी हेमांगी आत आली, आणि पाणीही न पिता उभ्या उभ्याच तिनं सांगितलं. कवळी, पट्टी, शाळेतले थेंब, ओठाला लावलेला चमचा. एकही गोष्ट तिनं गाळली नाही.

गार्गी खुर्चीत बसून ऐकत होती. हेमांगीचं बोलून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "अहवाल कधी आला?"

"अकरा दिवस झाले."

"अकरा दिवस."

"हो."

"मी तुला रोज फोन करत होते आई."

"माझी हिंमत होत नव्हती," एवढं हेमांगी म्हणाली, आणि ते तिलाच फार किरकोळ वाटलं.

गार्गीनं कानामागचे बंद सोडून मास्क काढला, त्याची घडी घातली आणि टेबलावर ठेवला. उठून तिनं हेमांगीच्या काखेतून सईला घेतलं. खिडकीपाशी नेऊन तिनं तिच्या कपाळाचा पापा घेतला, मग गालाचा, मग ओठांचा. सईनं हा चेहरा फोनवर पुष्कळदा पाहिला होता, पण इतक्या जवळून कधी नाही. तिनं दोन्ही हातांनी तो ढकलला, मान वळवली आणि हेमांगीकडे झेप घेऊन रडायला लागली. "आई, आई," करत.

हेमांगी जागची हलली नाही. गार्गी तिला थोपटत येरझाऱ्या घालत राहिली. अर्ध्या तासानं पोर दमून तिच्या खांद्यावर झोपली.

"बॅगेत तिचं सगळं आहे?" गार्गीनं विचारलं.

"सगळं आहे. औषधाची बाटली वरच्या कप्प्यात."

"मग तू निघ आता."

परतीच्या एसटीत हेमांगीला खिडकीजवळ जागा मिळाली. उंब्रजच्या पुढे शेजारच्या बाईनं तिला पेरूची फोड देऊ केली. हेमांगीनं नको म्हणून मान हलवली आणि मग उगाचच सांगत बसली की तिचा निर्जळी उपास आहे.

त्यानंतर वर्षभर तिला फारसं बोलावणं आलं नाही. सणाला गेली की गार्गी नीट वागायची, चहा द्यायची, निनाद स्टँडवर सोडायला यायचा. सई आता गार्गीला आई म्हणायची आणि हेमांगीला आजी. हेमांगीनं आपली कवळी काढून ठेवली होती, तिला आता चावायला त्रास व्हायचा. तिनं शासनाला सहा पत्रं लिहिली. ते परिपत्रक बदलायला चौदा महिने लागले. तोवर तिच्याच आळीतल्या तीन घरांत आज्यांनी सांभाळलेल्या नातवंडांच्या पट्ट्या जांभळ्या झाल्या होत्या.

सई अडीच वर्षांची असताना एका दुपारी गार्गीचा फोन आला. पाठीमागं सई कळवळून रडत होती.

"आई, ये. कानाखाली सुजलंय. इथल्या डॉक्टरांना उद्याची वेळ आहे. तुला दाबून काढायला येतं ना?"

हेमांगी मिळेल त्या गाडीनं गेली. सईचा उजवा गाल लिंबाएवढा सुजून टणक झाला होता. जेवायला बसली, पहिला घास तोंडात गेला, लाळ सुटली आणि तिला बाहेर यायला वाट नव्हती, असं गार्गीनं सांगितलं. हेमांगीनं हात धुतले, कोमट पाण्यात फडकं बुडवून गाल शेकला. मग सईला गार्गीच्या मांडीवर आडवं घेतलं, दोन बोटं कानाच्या पाळीखाली ठेवली आणि हळूहळू पुढं, ओठाच्या कोपऱ्याकडे सरकवत आणली. पुन्हा कानापासून पुढं. सई ओरडत होती, गार्गीचा दंड तिनं नखांनी धरला होता. सातव्या-आठव्या वेळी गालाच्या आतून, वरच्या दाढेसमोर, एक दाट पांढरा थेंब बाहेर आला. हेमांगीनं तो बोटावर घेऊन चोळला. कचकच लागली.

सूज निम्म्यानं उतरली. सईचं रडणं हुंदक्यांवर आलं.

"मला दाखव," गार्गी म्हणाली.

हेमांगीनं मुलीचं बोट हातात धरलं. किती वर्षांनी धरलं होतं, ते तिला सांगता आलं नसतं. ते तिनं सईच्या कानाखाली ठेवलं. "इथं. हाडाच्या मागं नाही, पुढं. जोर नको. असं ओढत आण." गार्गीनं तसं केलं. पुन्हा केलं. सई आता डोळे मिटून पडली होती, आणि एक लहानसा थेंब आणखी आला.

"रोज करायचं?"

"दर जेवणानंतर. सूज नसली तरी."

गार्गी दाबत राहिली. खाली मान घालूनच तिनं विचारलं, "किती वर्षं?"

"ग्रंथी चालू आहे तोवर."

"आणि मग?"

हेमांगीनं फडकं पिळलं, झटकलं आणि दांडीवर वाळत घातलं.

"मग करावं लागत नाही," ती म्हणाली.